नागपूरहून ॲमस्टरडॅमच्या वेब कॉन्फरन्सला: तयारी कधी, कशी आणि कशासाठी

प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रातल्या एका कंपनीत फ्रंट-एंडचे (वेबसाइटच्या दिसणाऱ्या भागाचे) काम, येत्या जूनमध्ये ॲमस्टरडॅमला दोन दिवसांची वेब तंत्रज्ञानाची कॉन्फरन्स, तिकीट-विमान-राहणे कंपनीच्या खर्चाने. पासपोर्ट आहे, पण त्यावर अजून एकही व्हिसा नाही. कोणती कामे कधी उरकायची, आणि तिथे पोचल्यावर नेमके काय पदरात पाडून घ्यायचे?

सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करतो, कारण बाकीचे सगळे नियोजन त्यावर ठरते. नुसती भाषणे ऐकायची असतील तर इतक्या लांब जाण्याची गरज नाही. बऱ्याच वेब कॉन्फरन्स आपली भाषणे पुढे यूट्यूबवर टाकतात आणि ती सोनेगावात बसून दीडपट वेगाने ऐकता येतात. रेकॉर्ड होत नाही ते वेगळेच असते: भाषण संपल्यावर वक्त्याभोवती जमणारे दहा-बारा जण, जेवणाच्या रांगेतले बोलणे, आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांचे अभियंते कॉफी घेत उभे असतात तो कोपरा. वर्षभर अनुत्तरित पडलेल्या तुमच्या बग रिपोर्टवर ज्याने बोलायचे, तो माणूस तिथे हाताच्या अंतरावर असतो. म्हणून प्रवास असा आखा की या मधल्या वेळात तुम्ही जागे, ताजेतवाने आणि प्रश्न तयार असलेले असाल. एवढे मनाशी ठरले की विमान कोणते, हॉटेल कुठे, कोणत्या दिवशी पोचायचे हे फार सोपे होते.

आता कॅलेंडर. मोजायचे ते कॉन्फरन्सच्या तारखेपासून मागे. शेंगेन व्हिसाचा (नेदरलँड्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाला नियमाने १५ दिवस, कागद कमी वाटले तर ४५ दिवसांपर्यंत. कागदावर हे सुटसुटीत दिसते. प्रत्यक्षात अडकते ते अपॉइंटमेंटमध्ये, कारण एप्रिल-मेमध्ये शाळांच्या सुट्ट्या लागतात आणि अख्खा देश युरोपच्या सहलीला निघतो. जूनच्या कॉन्फरन्ससाठी फेब्रुवारीत आयोजकांकडून निमंत्रणपत्र आणि मार्चमध्ये अपॉइंटमेंट, असा हिशेब ठेवा. एप्रिलच्या शेवटी जागे झालात तर व्हिसा मिळेलही, पण तिकीट काढायचे की नाही या घोळात महिना जाईल आणि भाडे तोवर चढलेले असेल.

पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला असावा, शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. नूतनीकरण करायचे असेल तर निमंत्रणपत्र मागवण्याच्या आधी करा. त्या पत्रात पासपोर्ट क्रमांक छापतात आणि क्रमांक बदलला की पत्र पुन्हा मागवत बसावे लागते.

नावाचे प्रकरण मराठी माणसाला हमखास नडते. आपल्याकडे पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे अशी दोन्ही नावे असतात: समजा श्रीकांत वसंतराव, आणि आडनाव वेगळे. कॉन्फरन्सचे तिकीट घेताना आपण सवयीने श्रीकांत आणि आडनाव एवढेच टाकतो. कंपनीच्या पत्रात ‘श्रीकांत व्ही.’ असते. बँकेच्या पासबुकात आडनाव आधी. अर्ज तपासणाऱ्यासमोर एकाच माणसाची चार नावे येतात. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत तर पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि कंपनीची कागदपत्रे सासरच्या नावाची, असे सर्रास दिसते. यावर उपाय एकच: कॉन्फरन्सची नोंदणी, निमंत्रणपत्र, विमा, हॉटेल, विमानाचे तिकीट आणि कंपनीचे पत्र, सगळीकडे पासपोर्टवर आहे तेच पूर्ण नाव, त्याच स्पेलिंगने. गळ्यातल्या बॅजवर छोटे नाव हवे असेल तर त्यासाठी नोंदणीत बहुधा वेगळा रकाना असतो. जुनी कागदपत्रे बदलणे शक्य नसेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडा.

अर्जात प्रवासाचा हेतू ‘बिझनेस’ निवडायचा. पर्यटन निवडून सोबत कॉन्फरन्सचे निमंत्रण जोडले की विसंगती तिथेच सुरू होते. खर्च कोण करणार या प्रश्नालाही असेच जपा. कंपनी खर्च करत असेल तर अर्जात प्रायोजक म्हणून कंपनीवर खूण, कंपनीच्या पत्रातही तेच वाक्य, आणि पत्रात चार गोष्टी स्पष्ट: तुमचे पद आणि रुजू झाल्याची तारीख, कोणत्या तारखांना कोणत्या कॉन्फरन्सला पाठवतो आहोत, खर्चातले काय काय कंपनी देणार, आणि परतल्यावर तुम्ही याच नोकरीवर हजर होणार. लेटरहेड, सही, शिक्का, सही करणाऱ्याचे नाव आणि फोन. पुष्कळदा एचआरकडून ‘टू हूमसोएव्हर’ छापाचे तीन ओळींचे पत्र येते. ते परत पाठवा. सोबत गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, बँकेचे स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्र जोडायचेच, कंपनी खर्च करत असली तरी. अर्जाच्या आठवडाभर आधी कुणाकडून दोन लाख घेऊन खात्यात टाकू नका. अचानक आलेली मोठी रक्कम शिल्लक वाढवते आणि संशयही. फ्रीलान्स काम करणाऱ्यांनी पगारपावतीच्या जागी उद्यम किंवा जीएसटी नोंदणी, ग्राहकांशी झालेले करार आणि दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे द्यावीत.

प्रवास विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे असावे, ते सगळ्या शेंगेन देशांत लागू असावे आणि येण्याजाण्याचे दिवस त्यात धरलेले असावेत. फोटो ३५ गुणिले ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी. नागपुरात स्टुडिओवाल्याला ‘शेंगेन’ म्हणून सांगा. नुसते ‘पासपोर्ट साइज’ म्हटले की वेगळ्या मापाचा मिळू शकतो. व्हिसा शुल्क ११ जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे. अर्ज घेणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क वरून वेगळे.

अर्ज केंद्रात स्वतः जावे लागते, कारण बोटांचे ठसे घ्यायचे असतात. ते एकदा दिले की ५९ महिने चालतात. नेदरलँड्सचा अर्ज कोणकोणत्या शहरांत घेतात ते आधी पाहा. आपल्यापैकी बहुतेकांना मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. मुंबईसाठी दुरांतो किंवा विदर्भ एक्स्प्रेस रात्रीतून पोचवते. हावड्याकडून येणारी गाडी उशिरा धावली की अपॉइंटमेंट हुकते, म्हणून नागपूर-गोंदियाहूनच सुटणारी गाडी बरी, आणि वेळ सकाळी अकराच्या पुढची घ्या. समृद्धी महामार्गाने रात्रभर गाडी हाकत जाऊन सकाळी काउंटरवर उभे राहण्याचा उत्साह नको.

कॉन्फरन्सला जोडून फिरणार असाल तर रात्री मोजा. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे मुख्य मुक्काम किंवा मुख्य हेतू आहे. ॲमस्टरडॅमला तीन रात्री आणि पॅरिसला पाच, असा बेत केलात तर हेतू एका देशाकडे आणि मुक्काम दुसऱ्या देशाकडे झुकतो, आणि काउंटरवर वाद निर्माण होतो. पहिल्या खेपेला नेदरलँड्समधल्या रात्री जास्त ठेवा. आयर्लंड आणि ब्रिटन शेंगेनमध्ये नाहीत; त्यांचे व्हिसा वेगळे.

व्हिसा हातात आला की तिथल्या तिथे वाचा. स्टिकरवर ‘पासून-पर्यंत’ अशा दोन तारखा असतात आणि वेगळ्या चौकटीत मुक्कामाचे दिवस. समजा तारखांमध्ये २३ दिवसांचे अंतर आहे आणि दिवस ८ लिहिले आहेत. याचा अर्थ त्या २३ दिवसांच्या खिडकीत कुठलेही आठच दिवस राहायचे, आणि उतरण्याचा व निघण्याचा दिवस दोन्ही त्यात मोजले जातात. नुसत्या तारखा वाचून सुट्टी वाढवणारे इथेच फसतात, आणि आता ते लपतही नाही: १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. सीमेवर तुमचा चेहरा टिपला जातो आणि जास्त राहिलेले दिवस यंत्रच मोजते.

विमानाबद्दल. नागपूरहून दोहाला थेट सेवा चालू असेल त्या काळात तीच सोयीची: एकच तिकीट, सामान थेट ॲमस्टरडॅमला, आणि इमिग्रेशन थेट शिपोल विमानतळावर. मुंबई किंवा दिल्लीहून फ्रँकफर्टमार्गे गेलात तर शेंगेनचा प्रवेश फ्रँकफर्टला होतो. म्हणजे पासपोर्टची रांग, पुन्हा सुरक्षा तपासणी आणि मग पुढचे विमान. त्यासाठी दीड तास कमी पडतो, अडीच तास ठेवा. स्वस्तात पडते म्हणून नागपूर-मुंबई एका तिकिटावर आणि पुढचा प्रवास दुसऱ्या तिकिटावर काढला, तर पहिले विमान उशिरा आल्याचे दुसऱ्या कंपनीला काही देणेघेणे नसते. जूनच्या मध्यावर मुंबईत पाऊस सुरू झालेला असतो. वेगळी तिकिटे काढायचीच असतील तर आदल्या दिवशी मुंबई गाठा. व्हिसा येण्याआधी पैसे परत न मिळणारे तिकीट काढू नका. अर्जाला आरक्षण पुरते.

कॉन्फरन्स सुरू होण्याच्या निदान एक पूर्ण दिवस आधी पोचा. जूनमध्ये ॲमस्टरडॅमची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. ऐकायला किरकोळ वाटते, पण संध्याकाळी आठच्या भेटीगाठींना तुमच्या शरीरात रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, आणि पहाटे तीनला टक्क जाग येते. शिवाय जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे झोपेचा अंदाज चुकतो. खोलीचा पडदा जाड आहे का, हा प्रश्न हॉटेलच्या चार तारकांपेक्षा महत्त्वाचा.

सीएसएस डे, जेएसनेशन, रिॲक्ट समिट अशा कॉन्फरन्स ॲमस्टरडॅमला जूनच्याच सुमारास भरत आल्या आहेत, आणि पर्यटकांचा हंगामही तोच. खोल्या महाग असतात आणि वर २०२४ पासून भाड्यावर १२.५ टक्के पर्यटक कर लागतो. काही बुकिंग साइट तो शेवटच्या पानावर दाखवतात, तर काही हॉटेले काउंटरवर वसूल करतात. कंपनीकडून मंजुरी घेताना तो धरूनच आकडा द्या. शहरात परवडत नसेल तर झानडाम किंवा हार्लेम पाहा. दोन्हीकडून रेल्वेने पंधरा-वीस मिनिटांत मध्यवर्ती स्टेशन येते. एक इशारा दुसऱ्या शहरांपुरता: ‘ब्रसेल्स साउथ शार्लरुआ’ हा विमानतळ ब्रसेल्सपासून पन्नास किलोमीटरहून लांब आहे आणि ‘फ्रँकफर्ट हान’ फ्रँकफर्टपासून शंभराहून अधिक. स्वस्त तिकिटाचे गुपित बहुधा विमानतळाच्या नावात असते.

सामानात पहिला घोळ प्लगचा. व्होल्टेज आपल्यासारखेच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ; पण लॅपटॉपचा आपला जाड तीन पिनांचा प्लग तिथल्या खोलगट गोल सॉकेटमध्ये जात नाही. मोबाइलचा बारीक दोन पिनांचा चार्जर बहुधा बसतो. ‘युनिव्हर्सल’ ॲडॅप्टर घेताना त्याची बाहेरची चौकट त्या गोल खाचेत बसेल इतकी लहान आहे ना ते बघा; चौकोनी ठोकळे बाहेरच अडतात. स्वित्झर्लंडचे सॉकेट वेगळे, ब्रिटन-आयर्लंडचे त्याहून वेगळे. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या सामानात ठेवा. मर्यादा १०० वॉट-अवर. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४, त्यामुळे तो चालतो, फक्त त्यावरचा छापील आकडा पुसलेला नसावा. नागपूर ४४ अंशांवर सोडून निघाल तेव्हा स्वेटर हास्यास्पद वाटेल. तरीही एक पातळ स्वेटर आणि पावसाचे जाकीट घ्याच, वारा आणि भुरभूर जूनमध्येही असते.

आणि संत्रा बर्फी. ऑफिसातले सगळे सुचवतील, पण युरोपियन संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दूध आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. खव्याची मिठाई कस्टमवाल्याला समजावत बसण्यापेक्षा न नेलेली बरी. संत्री न्यायची तर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. भेट म्हणून बिनदुधाचे काही न्या, चिवड्याची पाकिटे उत्तम. ती हॉटेलच्या खोलीत रात्री नऊनंतरही उपयोगी पडतात, कारण तिथे बरीच स्वयंपाकघरे तोवर आवरलेली असतात.

पैशांचे थोडक्यात: व्हिसा किंवा मास्टरकार्डची दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे, आणि निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर व कॉन्टॅक्टलेस दोन्ही चालू करा. बऱ्याच दुकानांत रोख घेतच नाहीत, तरी शंभरएक युरो जवळ असू द्या. मशीनने ‘रुपयांत की युरोत’ विचारले तर नेहमी युरो. रुपये निवडले की दुकानदाराच्या बाजूचा महागडा दर लागतो. ओटीपीसाठी भारतीय सिम रोमिंगवर चालू ठेवा आणि डेटासाठी ई-सिम घ्या.

ट्रेन, ट्राम, बस सगळीकडे तेच बँकेचे कार्ड टेकवून जाता येते. मात्र चढताना जे कार्ड टेकवले तेच उतरताना टेकवायचे. आत जाताना फोन आणि बाहेर येताना प्लॅस्टिकचे कार्ड टेकवले, तर दोन अर्धवट प्रवास नोंदले जातात आणि दोन्हींवर जास्तीची रक्कम कापली जाते. ती ऑनलाइन परत मागता येते, पण त्यासाठी वेळ कुणाला आहे. रस्त्यावर लालसर डांबराची पट्टी सायकलींची. तिच्यावर उभे राहून नकाशा बघू नका. सायकलवाले थांबत नाहीत.

आता प्रत्यक्ष कॉन्फरन्स. आदल्या संध्याकाळी नोंदणी असेल तर तेव्हाच बॅज घ्या. सकाळची रांग टळते, शिवाय त्या अर्ध्या तासात भेटलेली चार माणसे पुढचे दोन दिवस ओळखीची वाटतात. कार्यशाळा घेतली असेल तर तिची रिपॉझिटरी (कोडचा साठा) आणि त्याला लागणारी सगळी पॅकेजेस हॉटेलातच उतरवून ठेवा. तीस जण एकाच वेळी एनपीएम इन्स्टॉल (पॅकेजेस उतरवण्याची आज्ञा) चालवतात तेव्हा हॉलचे वाय-फाय मान टाकते आणि पहिला पाऊण तास त्यातच जातो. जेवणाच्या फॉर्मवर, अंडे-मासे काहीच चालत नसेल तर ‘व्हीगन’ लिहिणे सर्वांत सुरक्षित. ‘व्हेजिटेरियन’ लिहिले तर अंडे आणि चीज असणारच, आणि चीज कधीकधी प्राणिज रेनेटचे (वासराच्या जठरातल्या विरजणाचे) असते. दुपारचे जेवण बहुधा थंड सँडविच असते. गरम आणि ओळखीचे हवे असेल तर संध्याकाळी सुरिनामी रोटीची जागा शोधा. एकोणिसाव्या शतकात भारतातून सुरिनामला गेलेल्या मजुरांच्या वंशजांनी ती नेदरलँड्सला आणली. बटाटा आणि बरबटीच्या शेंगांची भाजी असते आणि मागितली तर तिखट मिरचीची चटणी वेगळी देतात. सावजी खाणाऱ्यानेही ती आधी चाखून बघावी.

सगळी भाषणे ऐकण्याचा अट्टहास सोडा. कार्यक्रमपत्रिका घेऊन तीन खुणा करा: ज्याच्या वक्त्याला काही विचारायचे आहे ते भाषण, ज्या विषयातले तुम्हाला काहीच कळत नाही असे एक भाषण, आणि सोडून द्यायची भाषणे. पहिल्या प्रकाराला पुढच्या रांगांत कडेला बसा, म्हणजे संपताक्षणी वक्त्यापर्यंत पोचता येते. लोकांसमोर माइकवर प्रश्न विचारायला संकोच वाटत असेल तर विचारू नका, नंतर गाठून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर जास्त मोकळे मिळते. घोळक्यात शिरताना परवानगी मागावी लागत नाही. या कॉन्फरन्समध्ये उभ्या गोलात एका माणसाची जागा मोकळी ठेवण्याची पद्धत रुळली आहे, तिथे जाऊन उभे राहायचे. कंपनीचे नाव, पद, अनुभवाची वर्षे अशी लांबलचक ओळख तिथे कोणी करून देत नाही. नाव, तुम्ही काय बनवता ते एका वाक्यात, आणि लगेच प्रश्न. ‘सर’, ‘मॅडम’ नको. वयाने कितीही मोठा माणूस असला तरी पहिल्या नावाने हाक मारणे तिथे उद्धटपणाचे नसते. आपल्याला जड जाते, पण दुसऱ्या दिवसापर्यंत जमते. फोटो काढण्याआधी गळ्यातल्या पट्टीचा रंग पाहा; ज्यांना फोटो नको त्यांच्यासाठी अनेक ठिकाणी वेगळा रंग असतो.

प्रश्न मात्र घरून तयार करून न्यावा लागतो, आणि या बाबतीत मराठी वेबवाल्याचा हात वरचा आहे. तिथले बहुतेक जण रोमन लिपीत काम करतात. देवनागरीत काय काय मोडते ते तुम्ही रोज बघता. एक उदाहरण धरा. ‘क्षत्रिय’ हा शब्द जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर ८ सांगतो, कारण क, हलंत, ष, त, हलंत, र, ऱ्हस्व इकार, य असे आठ संकेत त्यात आहेत. वाचणाऱ्याला तीनच अक्षरे दिसतात: क्ष, त्रि, य. बातमीचा मथळा ठरावीक लांबीवर ‘स्लाइस’ या आज्ञेने तोडला की शेवटी लोंबता हलंत उरतो, तो यामुळेच. यासाठी इंटल सेगमेंटर ही मजकूर अक्षरांत तोडणारी जावास्क्रिप्टची सोय आहे; एप्रिल २०२४ मध्ये फायरफॉक्सच्या १२५ व्या आवृत्तीत तो आला आणि मग तो सगळ्या मोठ्या ब्राउझरांत उपलब्ध झाला. पण जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या (अक्षरांच्या संकेतांच्या जागतिक मानकाच्या) १५.१ आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये, आला. त्यामुळे जुन्या ब्राउझर इंजिनात याच शब्दाचे पाच तुकडे पडतात आणि नव्यात तीन. तुमचे वापरकर्ते जुन्या अँड्रॉइड फोनवर असतील तर हा फरक खरा आहे, आणि ब्राउझरच्या अभियंत्याला विचारण्यासारखा आहे.

असेच आणखी दोन. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधले अंतर) वाढवले की अक्षरांमधली शिरोरेषा तुटते. युरोपात बनलेल्या डिझाइन सिस्टिममध्ये (तयार घटक आणि शैलींच्या संचात) मथळ्यांना ते सर्रास दिलेले असते, आणि भाषेनुसार निवड करून मराठीसाठी ते शून्यावर आणावे लागते. आणि पानाची भाषा ‘एमआर’ (मराठी) न देता ‘एचआय’ (हिंदी) किंवा इंग्रजी दिली, तर ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’ची सोय आहे तोही हिंदी वळणाचे आकार दाखवतो. यांपैकी एक निवडा, दहा ओळींचे चाचणीपान बनवा, ते इंटरनेटशिवाय लॅपटॉपवर उघडेल असे ठेवा, आणि बरोबर-चूक दोन्ही स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा. समोरच्याला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून चूक कुठे आहे तिथे लाल वर्तुळ काढलेले असू द्या. उभ्या-उभ्या दोन मिनिटांत दाखवता येईल एवढीच गोष्ट पुढे सरकते. आधीपासून बग नोंदलेला असेल तर त्याचा क्रमांक पाठ ठेवा; नसेल तर त्या माणसाला विचारा की कुठे, कोणत्या घटकाखाली नोंदवू. रात्री खोलीवर जाऊन नोंदवा आणि दुवा त्याला त्याच रात्री पाठवा. आठवडा गेला की चेहरा आणि नाव दोन्ही विसरले जाते.

कंपनीच्या दृष्टीने पैसे वसूल करणारा विषय म्हणजे सुगम्यता, म्हणजे अपंगांनाही वेबसाइट वापरता येणे. युरोपियन ॲक्सेसिबिलिटी ॲक्ट २८ जून २०२५ पासून लागू झाला आहे, आणि युरोपात ई-कॉमर्स, बँकिंग, तिकीट-विक्री अशा सेवा देणाऱ्या कंपन्यांना तो पाळावा लागतो. त्यांचे फ्रंट-एंड नागपुरात बनत असेल तर करारात ती अट आलीच म्हणून समजा. त्यामुळे या विषयावरचे सत्र सोडू नका, आणि तिथल्या कंपन्यांतल्या लोकांना एकच विचारा: तपासणी कोण करते आणि अहवालात नेमके काय मागतात? स्वयंचलित साधनाचा हिरवा आकडा पुरत नाही, की-बोर्डने आणि स्क्रीन रीडरने (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनाने) केलेली चाचणी लेखी मागितली जाते, हे त्यांच्याच तोंडून ऐकले की परतल्यावर व्यवस्थापकाला पटवणे सोपे जाते.

परतल्यावर पहिल्या आठवड्यात दोन कामे. खर्चाचा तपशील: कॉन्फरन्सची पावती कंपनीच्या नावावर आहे ना, हॉटेलच्या बिलात पर्यटक कर वेगळा दाखवला आहे ना, आणि प्रत्येक युरोच्या खर्चापुढे कार्ड स्टेटमेंटवरचा रुपयांचा आकडा. गूगलवरचा त्या दिवशीचा दर लावलात तर बँकेचे परकीय चलन शुल्क तुमच्याच खिशातून जाईल. दुसरे, टीमसाठी पाऊण तासाचे सादरीकरण. त्यात भाषणांचे सारांश नकोत, ते व्हिडिओत आहेत. आपल्या कोडमध्ये काय बदलायचे त्या तीन-चार गोष्टी आणि प्रत्येकीपुढे करणाऱ्याचे नाव एवढेच ठेवा.

वापरलेला व्हिसा जपा. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी असा नियम आहे की तीन वर्षांच्या आत दोन शेंगेन व्हिसा मिळवून नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येणारा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. वक्ता म्हणून जायचे मनात असेल तर प्रस्ताव मागवण्याची मुदत बऱ्याच ठिकाणी कॉन्फरन्सच्या सहा-सात महिने आधी संपते, म्हणजे जूनसाठी दिवाळीच्या आसपास. अनेक आयोजक निवडलेल्या वक्त्याचे तिकीट आणि राहणे देतात, काही विमानाचाही खर्च देतात. प्रस्ताव पाठवण्याआधी त्यांच्या पानावर तेवढे वाचून घ्या. विषय शोधायला लांब जावे लागणार नाही, ‘क्षत्रिय’चे चाचणीपान तुमच्याकडे आहेच.